वीणेचा पहारा: गावच्या सप्ताहाकडे संगीतोत्सव म्हणून पाहताना

मंडळी, शनिशिंगणापूर म्हटले की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे दोनच गोष्टी उभ्या राहतात. एक, दारे नसलेली घरे. दुसरी, छप्पर नसलेला देव. ती काळी शिळा उघड्या चौथऱ्यावर उन्हापावसात उभी आहे, हे आता सगळ्या देशाला माहीत आहे. याच पट्ट्यात, म्हणजे शिंगणापूर, सोनई, घोडेगाव आणि तिकडे नेवाशापर्यंत, गावोगावी वर्षातून एकदा सात दिवस आणि सात रात्री गाणे चालू असते. त्याला तिकीट नसते, कमान असली तरी तिला दार नसते, आणि ते चालवणारी माणसे गावचीच असतात. त्याला अखंड हरिनाम सप्ताह म्हणतात. आमचे आजचे बोलणे या सप्ताहाबद्दल आहे.

हे बोलणे भक्तीचे नाही, हे आधीच सांगून टाकतो. आम्ही तत्त्वज्ञान शिकवण्यात आयुष्य घालवले. कीर्तन करण्याचा आमचा अधिकार नाही. पण नाटकाची समीक्षा होते, मैफलीची होते, साहित्य संमेलनाची तर वर्षभर होते. मग ज्या उत्सवात इतकी माणसे प्रत्यक्ष गातात, वाजवतात, त्याची समीक्षा का होऊ नये? "देवाचं काम आहे, त्यात काय बोलायचं" असे म्हणून आपण गप्प बसतो. त्या गप्प बसण्यामुळे सप्ताहाचे मंडप मोठे होत गेले आणि त्यातले गाणे लहान होत गेले. आमची तक्रार एवढीच आहे, पण ती नीट मांडायला थोडा वेळ लागेल.

शहरातली तरुण मंडळी हल्ली फार उत्साहाने लोकसंगीताचे महोत्सव भरवतात. छोटे, स्वयंसेवकांच्या जिवावर चालणारे. चांगली गोष्ट आहे. त्यांच्यापैकी कुणी विचारले की हे कसे करावे, तर आम्ही म्हणतो, बाबांनो, नेवासे तालुक्यात एक आठवडा राहून या. वर्गणी कशी गोळा होते, घरटी किती आणि कुठे एकरी किती; तारीख कशी धरतात, म्हणजे पेरणी आटोपलेली हवी किंवा कांदा निघालेला हवा; पाच-सहाशे माणसांची पंगत अर्ध्या तासात कशी उठते; भाकरी घराघरांतून कशा येतात आणि आमटी तेवढी एका ठिकाणी कशी शिजते. ही आमटी-भाकरीची पद्धत सराला बेटाच्या गंगागिरी महाराजांच्या सप्ताहात अफाट प्रमाणावर दिसते. तो सप्ताह दर वर्षी वेगळ्या गावात होतो आणि त्याची परंपरा पावणेदोनशे वर्षांच्या घरात गेली आहे. व्यवस्थापनाच्या शाळेत हे सगळे शिकवतात म्हणे. इथे ते आजोबांना पाहून नातू शिकतो.

पण आम्हाला व्यवस्थापनात फार रस नाही. आम्हाला रस आहे तो वीणेच्या पहाऱ्यात.

ज्यांनी सप्ताह आतून पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. पहाटे काकडा, मग ज्ञानेश्वरीचे पारायण, दुपारी गाथाभजन, संध्याकाळी हरिपाठ, रात्री कीर्तन, त्यानंतर जागर, आणि शेवटच्या दिवशी काल्याचे कीर्तन. पारायणाचे एक गमतीचे गणित आहे. प्रचलित प्रतींत ज्ञानेश्वरीच्या ओव्या ९०३३. सात दिवसांत वाटल्या तर रोजच्या १२९०, आणि वर तीन उरतात. ज्ञानेश्वरी नेवाशात सांगितली गेली ते शके १२१२, म्हणजे इसवी सन १२९०. हा निव्वळ योगायोग आहे, प्रत्यक्षात पारायण अध्यायांच्या हिशेबाने होते. पण ज्या पैसाच्या खांबापासून शिंगणापूर एका दुपारीत जाऊन येण्याइतके जवळ आहे, तिथे असला योगायोग सांगायचा मोह आवरत नाही.

तर, हे सगळे कार्यक्रम एकामागून एक होतात, आणि त्यांच्या मधल्या फटी वीणा भरून काढते. सप्ताह सुरू झाला की वीणा एकाच्या गळ्यात जाते, ती काल्यापर्यंत खाली टेकायची नाही. एकाने दुसऱ्याच्या गळ्यात द्यायची, नमस्कार करायचा, बाजूला व्हायचे. सात दिवसांचे तास होतात १६८. दोन तासांचा एक पहारा धरला तर ८४ पहारे. म्हणजे प्रत्येकी दोन पहारे करणारी ४२ माणसे गावात हवीत. ही यादी एका वहीत असते. आम्हाला विचाराल तर कुठल्याही गावच्या सप्ताहाची समीक्षा त्या वहीपासून सुरू करावी, आणि त्यातही रात्री दोन ते चारच्या रकान्यापासून.

कारण बघा, संध्याकाळी सातचा पहारा कुणालाही आवडतो. मंडप भरलेला, लाइट चालू, बायकापोरे बसलेली. रात्री दोन वाजता मंडपात कोण असते? सतरंजीवर झोपलेले दोन म्हातारे, एखादे कुत्रे आणि वीणेकरी. तो तार छेडतो, नाम घेतो, झोप येऊ नये म्हणून चार पावले इकडे, चार तिकडे करतो. ऐकणारा कुणी नाही. वीणा सुरात लावलेली असते असेही नाही; पुष्कळदा तार उतरलेली असते आणि ती नीट लावणारा माणूस सकाळीच येणार असतो. संगीत म्हणून याचे मोल काय? मैफलीच्या मापाने पाहिले तर शून्य. आणि तरीही दोन ते चारची वीणा जर बंद पडली तर सप्ताह मोडला, असे सगळे गाव मानते. दहा हजारांच्या गर्दीचे कीर्तन पावसाने वाहून गेले तरी सप्ताह मोडत नाही!

इथे सौंदर्यशास्त्राच्या अभ्यासकाने थांबायला पाहिजे. आपले सगळे कलाविचार ऐकणारा, पाहणारा, वाचणारा गृहीत धरून चालतात. मर्ढेकर घ्या, पाटणकर घ्या, रसव्यवस्था घ्या. रसिक नसेल तर चर्चा पुढे सरकत नाही. रात्री दोनच्या वीणेला रसिक नाही. तिथे फक्त करणारा आहे, आणि त्याच्यानंतर चार वाजता येणारा दुसरा करणारा आहे. पहिल्याचे सगळे लक्ष त्या दुसऱ्याकडे लागलेले असते, "येतो का नाही गडी" या काळजीने. या उत्सवाचा कणा हे असे एकाने दुसऱ्यावर टाकलेले विश्वासाचे ओझे आहे. लोकसंगीत म्हणतात ते हेच, असे आमचे म्हणणे आहे.

यावर एक शास्त्रीय आक्षेप येईल, तो घेऊन टाकू. अशोक दा. रानडे यांनी लोकसंगीत आणि भक्तिसंगीत या वेगळ्या कोटी मानल्या, आणि त्यांची कारणे भक्कम आहेत. वारकरी भजनाला संहिता आहे, संप्रदाय आहे, शिकवण्याची शिस्त आहे; आळंदीला विष्णुबुवा जोगांनी १९१७ मध्ये वारकरी शिक्षण संस्था काढली, तेव्हापासून तर रीतसर शाळा आहे. मग याला लोकसंगीत कसे म्हणता? आमचे उत्तर असे की रानडे यांची विभागणी संगीताच्या प्रकारांची आहे आणि आम्ही बोलतो आहोत ते उत्सवाच्या प्रकाराबद्दल. अभंग भक्तिसंगीत असेल. पण तो अभंग हातात टाळ घेऊन, मागच्या ओळीत उभे राहून, चाल अर्धवट येत असताना, शेजारच्याच्या तोंडाकडे पाहत जो म्हणतो, त्याच्यापुरते ते लोकसंगीतच असते. त्याने ते शाळेत घेतलेले नाही, ओळीत घेतलेले आहे.

आणि ही ओळ म्हणजे वारकरी कीर्तनाची खरी निर्मिती. नारदीय कीर्तनात कीर्तनकार एकटा असतो. पूर्वरंग त्याचा, उत्तररंग त्याचा, साथीला पेटी-तबला. वारकरी कीर्तनात त्याच्या मागे आणि दोन्ही बाजूंना टाळकरी उभे. तो बोलता बोलता प्रमाण घेतो आणि अर्धा चरण झाला की उरलेला अर्धा टाळकऱ्यांनी उचलायचा. पखवाज चढतो, पावली पडते, मग पुन्हा बोलणे. कीर्तनकार चुकला तर मागची ओळ त्याला सावरते. ओळ सैल पडली तर तो तिला ओढतो. सोनोपंत दांडेकर तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक होते, पुण्याच्या स. प. महाविद्यालयाचे प्राचार्य होते आणि संप्रदायातले मान्यवर कीर्तनकारही होते. वर्गात प्राध्यापक एकटा बोलतो. कीर्तनात तोच माणूस बोलला की अर्धे वाक्य मागून पूर्ण होऊन येते. आमच्या व्यवसायात हे सुख फार कमी लोकांना मिळाले.

आता या ओळीचे काय झाले ते पाहा. मंडप वाढला, तसा भोंगा गेला आणि मोठे साउंड आले. त्याबरोबर माइक किती, कुणाला, हे साउंडवाला ठरवू लागला. कीर्तनकाराला एक, पखवाजाला दोन, पुढच्या दोन गायकांना एकेक. मागच्या वीस टाळकऱ्यांना माइक नाही. त्यांनी गायलेले त्यांना स्वतःलाच ऐकू येत नाही. समोरच्या स्पीकरमधून चार जणांचा आवाज इतका मोठा येतो की पाचव्याने तोंड उघडले काय आणि मिटले काय. दोन दिवसांत पाचवा तोंड मिटतो. टाळ वाजवत राहतो, कारण हात रिकामे बरे दिसत नाहीत. समोर बसलेल्यांचे तर विचारूच नका. पूर्वी ध्रुपद सगळा मंडप म्हणायचा. आता मंडप पडद्याकडे बघतो, कारण त्यावर कीर्तनकाराचा चेहरा दहा फुटी दिसतो. पडद्याकडे बघत बघत माणसाला गाता येत नाही. करून बघा.

ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० साली आले आणि रात्री दहा ते सकाळी सहा भोंग्याला बंदी आली, तेव्हा पुष्कळांना वाटले की हा धर्मावर घाला आहे. आम्हाला उलट वाटते. त्या नियमाने पहाटेचा काकडा वाचवला. जिथे नियम खरोखर पाळतात तिथे काकड्याला विजेचा आवाज नाही, पंचवीस माणसे आणि एक पखवाज. सप्ताहातले सगळ्यात चांगले गाणे आज कुठे ऐकायचे असेल तर पहाटे साडेचारला ऐका. तिथे एक चुकला तर पंचवीस जणांना कळते.

रूसोची आठवण इथे काढायलाच हवी. १७५७ मध्ये विश्वकोशाच्या सातव्या खंडात दालांबेरने जिनिव्हा या शहरावर लेख लिहिला आणि त्यात सुचवले की शहरात एक नाटकगृह असावे. रूसो भडकला. १७५८ मध्ये त्याने उत्तरादाखल लांबलचक पत्र छापले. त्याचे सगळे युक्तिवाद आम्हाला पटत नाहीत. बायकांविषयी त्याने त्यात जे लिहिले आहे ते वाचवत नाही. पण मुख्य मुद्दा विचार करण्यासारखा आहे. नाटकगृहात माणसे एकत्र येतात असे वाटते, पण प्रत्यक्षात अंधारात प्रत्येक जण एकटा बसतो. त्यापेक्षा उघड्या मैदानात लोकांना जमू द्या आणि जमलेल्यांनाच खेळ होऊ द्या, म्हणजे ज्याने त्याने एकमेकांत स्वतःला पाहावे. रूसोला हवा होता तो उत्सव आपल्याकडे होता. आणि आपण तो मोडून मोठ्या खर्चाने त्याचे नाटकगृह करीत आहोत, तेही उघड्या मैदानात!

सप्ताहाची पत्रिका कधी समीक्षकाच्या नजरेने वाचली आहे का? वाचण्यासारखा दस्तऐवज असतो. वर संतांची चित्रे. त्याखाली सात कीर्तनकारांचे फोटो, प्रत्येकाच्या नावामागे दोन-दोन ओळींच्या पदव्या. मग गायनाचार्य, मृदंगाचार्य, व्यासपीठचालक. मग पंगतीचे यजमान. मग मंडपवाले, साउंडवाले, दूध संघ, पतसंस्था. आणि सगळ्यात खाली, दोन रुपयांच्या नाण्यावरच्या अक्षरांएवढ्या टायपात, "समस्त ग्रामस्थ व भजनी मंडळ". ज्यांनी ८४ पहारे उभ्याने काढायचे त्यांची नावे पत्रिकेत नसतात. जुन्या पत्रिका कुणाकडे असतील तर शेजारी ठेवून बघा. एका रंगातली, एका पानाची, फोटो नसलेली. तिच्यात गाव वर असायचे.

बिदागीचा विषय नाजूक आहे, पण टाळता येत नाही. तुकोबांनी कीर्तनाचे मोल घेण्याला स्पष्ट विरोध केला. आज नामवंत कीर्तनकाराची एका रात्रीची बिदागी पाच आकडी असते, कधी त्याच्याही पुढे, आणि तारीख वर्ष-वर्ष आधी धरावी लागते. आम्ही कीर्तनकारांना दोष देत नाही. गाडी, साथीदार, घर, सगळे त्यांनाही आहे, आणि त्यांच्यात विद्वान माणसे आहेत. दोष हिशेबात आहे. सात रात्रींसाठी सात नामवंत आणायचे ठरले की वर्गणीचा मोठा वाटा तिथे जातो. मग गर्दी जमलीच पाहिजे, नाहीतर खर्च कशाला केला. गर्दीसाठी मंडप, मंडपासाठी साउंड, साउंडसाठी देणगीदार, देणगीदारासाठी फलक आणि सत्काराची अर्धी-पाऊण घडी. आणि काही ठिकाणी आता टाळकरीही बाहेरून येतात. संस्थांत शिकणारी मुले, एका रंगाचे पोशाख, शिकलेली पावली. दिसायला सुंदर दिसते यात वाद नाही. फक्त त्या वेळी गावचे भजनी मंडळ खुर्च्यांवर बसलेले असते.

इथपर्यंत आमच्याशी सहमत होणारे पुष्कळ भेटतील. पुढचे थोडे अवघड आहे.

"सगळे विनामूल्य असावे, सेवा म्हणून असावे" असे आपण म्हणतो तेव्हा एक प्रश्न विचारायचा राहतो: फुकट करणे कुणाला परवडते? पाटाच्या पाण्यावर ज्याचा ऊस उभा आहे त्याला आठ दिवस टाळ धरणे परवडते. पण या जिल्ह्याच्या संगीतात आणखीही माणसे आहेत. संबळ आणि तुणतुण्यावर रात्र जागवणारा गोंधळी आहे. दिमडीवरचा वाघ्या आणि त्याच्याबरोबरची मुरळी आहे. मढीच्या कानिफनाथांच्या वाटेने डौर घेऊन हिंडणारा डवरी गोसावी आहे. हलगीवाला आहे, ज्याच्याशिवाय इथली एक मिरवणूक हलत नाही. यांच्यासाठी संगीत हा धंदा होता, आणि त्याच्यासाठी गावाकडून धान्याचा वाटा ठरलेला होता. त्रिंबक नारायण आत्र्यांचे "गावगाडा" १९१५ चे. त्यात या फिरस्त्यांकडे शेतकऱ्यावरचा बोजा म्हणूनच पाहिले आहे. आत्र्यांचे शेतकऱ्याविषयीचे कळवळ्याचे बोलणे खरे आहे, पण ज्याला त्यांनी बोजा म्हटले तोच गावाचा संगीतसाठा होता.

धान्याचा वाटा गेला. त्याच्या जागी काही आले नाही. आणि आता एखादे उत्साही मंडळ त्यांना म्हणते, "चला, आपला लोककला महोत्सव आहे, सेवा द्या." नारळ, शाल आणि प्रमाणपत्र. प्रमाणपत्राने दळण येत नाही. टाळकऱ्याला पैसे दिले तर त्याची सेवा बाटते, हे आम्ही मान्य करतो. पण हलगीवाल्याला पैसे दिले नाहीत तर ती वेठबिगारी होते. दोन्हींना एकच "स्वयंसेवक" शब्द लावून चालणार नाही. फुकट गाणे ही एकाची मोकळीक असते आणि दुसऱ्याची जुनी सक्ती असते. कोणाची कोणती, हे ठरवायला जात बघावी लागते, जमीन बघावी लागते. ज्या संयोजकाला हे बघायचे नसेल त्याने लोकसंगीताच्या नादी लागू नये.

म्हणजे आजचा व्यवहार नेमका उलटा झाला आहे. ज्याने संप्रदायाच्या नियमाप्रमाणे मोल घेऊ नये त्याला पाच आकडी रक्कम, आणि ज्याचे पोट त्यावर आहे त्याला नारळ.

शनीच्याच कथेत याविषयी एक जागा आहे. शनिमाहात्म्याची पोथी आपल्याकडे घरोघरी शनिवारी वाचली जाते, ओवीच्या चालीवर. ऐकणाऱ्यांना कथा पाठ असते. उज्जयिनीचा विक्रम राजा साडेसातीत सापडतो, चोरीचा आळ येतो, हातपाय तोडले जातात. एक तेली त्याला घाण्यावर बसवतो. तिथे बसून बैल हाकत हाकत तो रात्री दीपक राग गातो आणि नगरातले विझलेले दिवे आपोआप पेटतात. राजकन्या ऐकते आणि दासींना विचारते, हे कोण गाते आहे. कथेतला हा सगळ्यात मोठा गाणारा दरबारात नाही, व्यासपीठावर नाही. तो तेल्याच्या घाण्यावर कामाला आहे. शनीला तेल वाहणाऱ्या लाखोंपैकी किती जणांना पोथीतला घाणा आठवत असेल कोण जाणे. आम्हाला मात्र त्या देवस्थानी अमावास्येची गर्दी पाहताना, आणि दुकानादुकानांतून ध्वनिमुद्रित हिंदी चालिसा ऐकताना, तो घाणाच आठवतो.

राजकन्येचा प्रश्न या पट्ट्यात आजही विचारण्यासारखा आहे. दिवाळीनंतर बीड आणि पाथर्डीकडच्या ऊसतोडीच्या टोळ्या येतात. साखर कारखान्यांचा हा भाग. गावाबाहेर कोप्या पडतात. दिवसभर कोयता चालवून रात्री त्या कोप्यांवर भजन होते, कधी एका टाळावर आणि पत्र्याच्या डब्यावर. त्यांच्या गावी त्यांच्याशिवाय सप्ताह होत नाही, कारण वीणेकरी तेच असतात. इथे ते चार-पाच महिने राहतात आणि गावच्या सप्ताहात पंगतीपुरते बोलावले जातात. पहाऱ्याच्या वहीत त्यांचे नाव नसते. रात्री दोन ते चारला माणूस मिळत नाही म्हणून गावची मंडळी कपाळाला हात लावतात, आणि अर्ध्या कोसावर दहा माणसे तीन वाजता उठून गाडी जुंपत असतात! त्यांना काम सोडून पहाऱ्याला या असे आम्ही म्हणणार नाही. पण एखाद्या रात्रीचे जागर त्यांच्याकडे द्यायला, आणि त्या रात्रीची मजुरी मंडळाने भरायला काय हरकत आहे?

बायकांचे तसेच. एप्रिल २०१६ मध्ये, गुढीपाडव्याच्या दिवशी, शिंगणापूरच्या चौथऱ्यावर बायकांना जाता आले. आंदोलन झाले, न्यायालयाचा आदेश झाला, तेव्हा. चौथऱ्याची चर्चा देशभर झाली. वीणेच्या पहाऱ्याची झाली नाही. काही गावांत महिला भजनी मंडळे आता दुपारचे भजन करतात, हरिपाठालाही उभ्या राहतात, काही ठिकाणी वीणाही घेतात. पुष्कळ ठिकाणी अजून पारायणाला बसणे आणि भाकरी थापणे एवढेच. आणि खरे सांगायचे तर या भागातली सगळ्यात मोठी गाणारी बाईच होती. गी पॉइटवँ आणि हेमा राईरकर यांनी जात्यावरच्या ओव्या गोळा करायला घेतल्या तेव्हा हजारावर गावांतून एक लाखाहून अधिक ओव्या निघाल्या. एक लाख! त्यांतल्या एकीलाही कधी मंडप नव्हता. जाते गेले, चक्की आली, ते बरेच झाले. बाईच्या खांद्याची सुटका झाली. पण ओवी ऐकायची असेल तर आता पारायणाला बसलेल्या सत्तरीच्या आजींना दुपारी दोन वाजता बोलते करावे लागेल, आणि तेही लवकर.

शिंगणापूरचा प्रश्न आणखी एका कारणाने वेगळा आहे. लहान गावाला पैसा नसतो म्हणून त्याला माणसांवर अवलंबून राहावे लागते. मोठ्या देवस्थानाच्या गावात पैसा असतो, आणि पैशाने माणसे अनावश्यक वाटू लागतात. मंडप ठेक्याने, स्वयंपाक ठेक्याने, साउंड ठेक्याने. मग वीणाच तेवढी कशाला गावाने धरायची? उद्या कुणी ८४ पहाऱ्यांचाही ठेका देईल. तो बिनचूक पार पडेल, तार सुरात असेल, कुणी झोपणार नाही. आम्हाला त्या बिनचूकपणाची धास्ती वाटते. ज्या गावाने शेजाऱ्यावर विश्वास म्हणून घराला दार लावले नाही, त्या गावाला चार वाजता येणाऱ्या गड्याची वाट बघणे कठीण जाऊ नये.

पैसा वाईट नाही, तो कुठे खर्च होतो ते बघा. सात नामवंतांऐवजी दोन आणा. पाच रात्री तालुक्यातले, गावातले कीर्तनकार उभे करा, थोडे कमी रंगेल, चालेल. एका नामवंताच्या बिदागीत एक गोंधळी संच, एक वाघ्या-मुरळी आणि एक डवरी गोसावी रीतसर मानधनावर येतात, तेही जागराच्या वेळेला, संबळ जेव्हा खरा बोलतो तेव्हा. आता रात्री भोंगा नाही, म्हणजे संबळाला साउंडशिवाय बसलेले शंभर लोकच ऐकतील. तेवढे पुरे. पडदा काढून टाका. टाळकऱ्यांच्या ओळीत मधोमध एक माइक टांगा आणि साउंडवाल्याला सांगा की मागची ओळ पुढच्याइतकीच ऐकू आली पाहिजे. त्याला हे जमते, त्याला कुणी सांगितलेले नसते. पत्रिकेवर फोटोंऐवजी पहाऱ्यांची यादी छापा, ८४ रकाने, वेळेसकट. दोन ते चारची नावे ठळक टायपात.

हे सगळे करून गर्दी कमी होईल का? होईल. शेजारच्या गावाचा मंडप मोठा दिसेल, आपल्या गावची पोरे दोन वर्षे कुरकुर करतील, आणि एखादा देणगीदार फलक नाही म्हणून पावती फाडणार नाही. त्याची तयारी असेल तर करावे, नसेल तर आहे ते चालू द्यावे आणि पहाटेचा काकडा तेवढा सांभाळावा.

पखवाजाबद्दल बोलायचे राहिले. शाईचे पखवाज आणि कणकेचे पखवाज, आणि गावात कणीक लावून बसवणारा हात किती ठिकाणी उरला आहे, हा वेगळा आणि मोठा विषय आहे. पुढच्या व्याख्यानात घेऊ. आता कुणाला काही विचारायचे असेल तर विचारा. मागच्या बाजूला माइक द्या, हो, तिकडे, आधी मागच्यांचे ऐकू.